चालती पाउले

ज्येष्ठाच्या वद्य पक्षात आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूरकडे निघते. वाट सुमारे २५० किलोमीटरांची. पुणे सोडून सासवडला जाताना दिवे घाटाची दमछाक करणारी चढण लागते. साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी बाया डोईवर तुळस घेऊन ती चढून जातात. त्यांतील एखादीला, ‘आजी, एवढा व्यायाम झेपतो कसा?’ असे विचारावे, तर ती हसेल. तिच्या लेखी हा व्यायाम नव्हेच. ही विठोबाची वारी!

व्यायाम म्हटला की वृद्धांच्या डोळ्यांपुढे तालीम, जोर आणि बैठका उभ्या राहतात. मग ‘आता या वयात कसला व्यायाम?’ असे म्हणून ते तो विषय झटकून टाकतात. पण तेच आजोबा पहाटे पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या चढतात. कारण वर देवदर्शन घडते आणि समवयस्कांशी चार गोष्टी होतात. आजी परसात भाजीचे वाफे खुरपते. कारण बालपणापासून तिच्या हातांना मातीची सवय असते. ज्यात गोडी, सोबत आणि काही हेतू असेल, असेच श्रम वृद्ध माणसे आपण होऊन पत्करतात.

त्यांच्या वाटेत अडसरही असतात. गुडघे दुखतात, पडण्याचे भय वाटते. त्यात घरच्या माणसांच्या मायेची भर पडते. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो,’ असे म्हणून सून हातची घागर घेते, नातू काठी लपवतो. हेतू चांगला, पण परिणाम उलटा होतो. न वापरलेले स्नायू दुबळे होतात, तोल सांभाळण्याची शक्ती उणावते आणि जे पडणे टाळायचे, तेच जवळ येते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले, की पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल असावी आणि तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायामही असावेत. आजार असल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा, हे ओघानेच आले.

घरातील मुलांना येथे मोठे काम करता येण्याजोगे आहे. आजोबांना उपदेश करण्यापेक्षा, ‘आजोबा, कुठे जायचे?’ एवढे विचारावे. पिशवी आपण घ्यावी, चालणे मात्र त्यांचे त्यांना करू द्यावे. आणि वाटेत ते थांबले, तर आपणही थांबावे. वृद्धाला आधार देणे म्हणजे त्याला बसवून ठेवणे नव्हे. त्याच्या पावलाशी आपले पाऊल जुळवणे होय.