तिसरं नाव

रविवारची दुपार. जेवणं उरकली आहेत, मागचं आवरून झालं आहे आणि डोंबिवलीच्या किंवा सदाशिव पेठेतल्या एखाद्या घरात सात-आठ गाणंवेडी माणसं सतरंजीवर टेकली आहेत. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी शाळेत शिकवणारं, एखादी नुकतीच पेटी शिकू लागलेली नात. सुरुवात ठरलेली असते: लताबाई की आशाबाई? अर्धा तास तावातावानं बोलणं होतं. मुद्दे तेच, दाखले तेच, तरी कुणी कंटाळत नाही. मग चहा येतो. बशीत चहा ओतता ओतता कोपऱ्यातल्या मावशी हळूच म्हणतात, “ते सगळं खरं रे, पण मालतीबाई पांडे ऐकल्यात का कुणी?”

आणि बैठक खरी तिथून सुरू होते.

लताबाई आणि आशाबाई यांच्याविषयी मत असायला फार काही करावं लागत नाही. त्यांचे सूर इथल्या हवेतच आहेत. रिक्षात, लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या आरासीत ते कानावर पडतातच. पण पाचवं, सातवं, दहावं नाव घ्यायचं तर माणूस कधीतरी हातातलं काम सोडून गाण्यापाशी थांबलेला असावा लागतो. म्हणून गाण्यातला माणूस ओळखायचा तो त्यानं मनात जपून ठेवलेल्या अशा एखाद्या नावावरून.

ही नावं शिकवणारी मोठी शाळा म्हणजे आकाशवाणी. ‘आपली आवड’ लागलं की निवेदक आधी फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं वाचायचे, गावोगावची, दमानं. मग गाण्याची तीन नावं यायची: गीत, संगीत, स्वर. पोळ्या लाटता लाटता हे तिसरं नाव पाठ झालेल्या कितीतरी बायका या महाराष्ट्रात होत्या. माणिक वर्मा, सुमन कल्याणपूर, कृष्णा कल्ले, पुष्पा पागधरे. गाणाऱ्या बाई दिसतात कशा, हे माहीत नसायचं. पण पहिली ओळ लागायच्या आत, निवेदकाच्या आधी नाव सांगणाऱ्या आज्या अजूनही भेटतात, आणि त्यांचं सहसा चुकत नाही.

हे तिसरं नाव सहजासहजी मिळालेलं नाही. १९४९ मध्ये ‘महल’ आला. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातल्या त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी छापलं होतं ‘कामिनी’. ते मधुबालेनं पडद्यावर रंगवलेल्या पात्राचं नाव. हा आवाज कुणाचा, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली, आणि तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत गेलं. फिल्मफेअरनं पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू केला तो १९५९ मध्ये, आणि तोही गायक-गायिका मिळून एकच. स्त्रियांसाठी वेगळा पुरस्कार व्हायला १९६८ उजाडलं. आज ज्यांच्या नावाला कुणी ओळख द्यायची गरज नाही, त्या लताबाईंचं नावसुद्धा एकेकाळी श्रोत्यांना विचारून घ्यावं लागलं होतं. बाकीच्यांचं काय झालं असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

सुमन कल्याणपूर हे नाव निघालं की बैठकीत हमखास एक गोष्ट घडते. कुणीतरी म्हणतं, “अरे, ते गाणं सुमनताईंचं? मी इतकी वर्षं लताचं समजत होतो!” हे ऐकून सुमनताईंच्या चाहत्यांचा जीव खरोखर कळवळतो. जन्म ढाक्यातला, १९३७ चा. माहेरचं आडनाव हेमाडी. मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकल्या आणि गाण्याचे पहिले धडे घेतले ते केशवराव भोळ्यांकडे. साठीच्या दशकात रॉयल्टीच्या हक्कावरून लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात बिनसलं, काही वर्षं ते एकत्र गायले नाहीत. त्या काळात रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंच्या वाट्याला आली, आणि पुढे लोकांनी ती बिनदिक्कत दुसऱ्याच नावावर जमा केली. ‘बात एक रात की’ (१९६२) मधलं हेमंतकुमारांबरोबरचं गाणंही त्याच रांगेतलं.

फरक ऐकायचा कसा? चाहते सांगतात तो मार्ग सोपा आहे. वाद्यमेळ कमी असलेलं गाणं निवडायचं. अशोक पत्की यांनी चाल दिलेलं ‘केतकीच्या बनी’ लावायचं, आवाज लहान ठेवायचा आणि शब्दांच्या शेवटाकडे कान द्यायचा. लताबाईंचा स्वर नेमक्या जागी, टाचणीच्या टोकासारखा लागतो. सुमनताईंचा स्वर किंचित अलीकडून येतो, मऊपणे त्या जागी बसतो आणि अक्षर संपल्यावरही क्षणभर रेंगाळतो. खालच्या पट्टीत उतरताना त्या आवाजात एक ओल येते. ती एकदा कानाला सापडली की पुढे चूक होत नाही. सुमनताई म्हणजे कुणाची सावली, हे बोलणं मग आपोआप बंद पडतं. २०२३ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं, वयाची पंच्याऐंशी वर्षं उलटल्यावर. आनंद झालाच, पण ते वीस-तीस वर्षं आधी मिळायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे.

ज्या केशवराव भोळ्यांचं नाव वर आलं, त्यांच्या घरातही एक मोठा आवाज नांदत होता. ज्योत्स्नाबाई भोळे मूळच्या गोव्यातल्या बांदिवड्याच्या, दुर्गा केळेकर. १९३३ चं ‘आंधळ्यांची शाळा’ आणि १९४२ चं ‘कुलवधू’ ही दोन नाटकं त्यांच्याशिवाय सांगता येत नाहीत. ज्या घरात जुनी तबकडी अजून आहे, तिथे ‘कुलवधू’तलं पद ऐकणं हा एक सोहळाच असतो. कागदी पाकिटातून तबकडी दोन्ही तळव्यांनी कडेला धरून काढायची, मऊ फडक्यानं गोल गोल पुसायची, सुई अलगद ठेवायची. आधी खरखर, पावसाची सर पत्र्यावर पडावी तशी. आणि मग तिच्या आतून ज्योत्स्नाबाईंचा भरदार, सरळ, जराही न थरथरणारा आवाज. तीन-साडेतीन मिनिटांत सगळं सांगून संपतं. सुई शेवटच्या कडीत फिरत राहते आणि उठून ती उचलायचं काही क्षण कुणालाच सुचत नाही.

पण मावशींच्या प्रश्नाचं काय झालं? मालतीबाई पांडे. लग्नानंतर बर्वे. ‘लपविलास तू हिरवा चाफा’ म्हटलं की पन्नाशीपुढचे लोक लगेच मान हलवतात. गायिकेचं नाव मात्र दहातल्या दोघांना सांगता येतं. याच मालतीबाई गीतरामायणातही आहेत, आणि बैठकीत सगळ्यात जास्त वेळ रंगतो तो हा विषय. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू झालं, आठवड्याला एक गाणं, एकूण ५६ गाणी. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, ती सगळी स्वतः गायली, गावोगाव गायली, ध्वनिमुद्रिका त्यांच्या आवाजात निघाल्या. साहजिकच आज गीतरामायण म्हणजे बाबूजींचा आवाज. ते थोरपण निर्विवाद आहे.

तरीही मुळात ते अनेक गळ्यांचं काम होतं, आणि त्यात स्त्रियांचे आवाज केवढे! सीतेसाठी माणिक वर्मा. कौसल्येसाठी ललिताबाई फडके. शूर्पणखेसाठी मालती पांडे आणि योगिनी जोगळेकर. शिवाय लता मंगेशकर, जानकी अय्यर, सुमन माटे, कुमुदिनी पेडणेकर, मंदाकिनी पांडे, कालिंदी केसकर. योगिनीबाई तर कादंबऱ्या लिहिणाऱ्या. वाचनालयातल्या त्यांच्या वाचकांपैकी किती जणांना त्या गातही होत्या हे माहीत असेल? रामाच्या गोष्टीतल्या प्रत्येक बाईला त्या वर्षी स्वतःचा गळा होता. बाबूजींच्या एका आवाजात ती सगळी पात्रं उभी राहतात हे खरं, पण लेकाच्या काळजीनं व्याकूळ झालेली आई बाईच्या आवाजात ऐकणं ही वेगळीच गोष्ट आहे. ज्यांनी दोन्ही ऐकलं आहे ते हे सांगताना हळवे होतात. मालतीबाईंचा वारसा त्यांच्या नातीनं, प्रियांका बर्वेनं चालू ठेवला आहे. प्रियांकाला ऐकून आजीकडे वळलेले तरुण श्रोते आता भेटू लागले आहेत, ही फार समाधानाची गोष्ट.

माणिकताईंवरून मात्र दर वेळी दोन तट पडतात. एक म्हणतो, त्यांची भावगीतं म्हणजे दारी फुललेला पारिजात. दुसरा म्हणतो, त्या किराणा घराण्याच्या, हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने यांच्याकडे शिकलेल्या. भावगीतांच्या लोकप्रियतेखाली त्यांचा ख्याल झाकला गेला. दुसऱ्या तटाचं म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे. त्यांच्या अभंगातली एखादी साधी हरकत घ्या: ती इतकी सहज येते, कारण मागे रागदारीचा तासन्‌तासांचा रियाज उभा आहे. भावगीत आवडत असेल तर त्यांचा ख्यालही शोधून ऐकावा.

लावणीचा विषय निघाला की बैठकीतले पुरुष आठवणी सांगू लागतात आणि बायका त्यांना मध्येच थांबवतात. कारण सुलोचना चव्हाणांवर बायकांचा हक्क मोठा आहे. गिरगावच्या फणसवाडीत १९३३ मध्ये जन्मलेल्या सुलोचना कदम आधी हिंदी चित्रपटांत गात होत्या. लावणी नंतर आली, आणि आली ती कायमची. ‘लावणीसम्राज्ञी’ हा किताब आचार्य अत्र्यांनी दिलेला. सुलोचनाबाई गायला उभ्या राहायच्या त्या डोक्यावरून पदर घेऊन. अंगविक्षेप नाही, नजरेचा खेळ नाही. जे काही करायचं ते गळ्यानं. शब्दाला अचूक जागी दिलेला तो झटका, ओळ अर्ध्यात तोडून श्वासभर थांबणं आणि ढोलकीच्या थापेबरोबर पुन्हा झेपावणं. सगळा शृंगार त्या आवाजात होता, म्हणून तर ज्या घरांत तमाशाचं नावही निघत नव्हतं, तिथल्या सुनाही रेडिओवर त्यांची लावणी ऐकू शकल्या. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये. त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या.

कृष्णा कल्ले यांची आठवण बहुधा निघायच्या वेळी होते, चपला शोधता शोधता. मूळ कारवारच्या, वाढल्या कानपुरात, आणि ‘परिकथेतील राजकुमारा’ हे अस्सल मराठी स्वप्न त्यांच्या आवाजात अजरामर झालं. आजची नावंही तेव्हाच येतात. सावनी रवींद्रला ‘बार्डो’ या मराठी चित्रपटातल्या गाण्यासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बातमी सगळ्यांनी वाचली. पेटी शिकणारी ती नात विचारते, “ते गाणं ऐकलं कुणी?” दोन हात वर होतात. म्हणजे आवाज उघड्यावर असूनही न ऐकला जाण्याची तऱ्हा फक्त रेडिओच्या काळातली नाही.

एकाच आवाजाची दोन नावं झाली तर घोळ आणखी वाढतो. ‘आ गले लग जा’ आणि ‘हम किसीसे कम नहीं’ मध्ये लहान मुलाच्या आवाजात गाणारी सुषमा श्रेष्ठ आणि नव्वदच्या दशकात धमाल गाणी गाणारी पूर्णिमा, या एकच. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस दोन्ही गाणी पाठोपाठ लावून बघतो.

आणि आता पुष्पा पागधरे. पालघरजवळचं सातपाटी, मासेमारीचं गाव, तिथल्या या पुष्पाताई. श्रीकांत ठाकरे यांच्या चालीवर महंमद रफींबरोबर त्यांनी गायलेलं दर्याच्या तुफानाचं कोळीगीत आजही हळदीच्या रात्री वाजतं, लोक नाचतात. समुद्र पाहत वाढलेल्या बाईच्या उच्चारात जो खारा वारा असतो, तो त्या गाण्यात आहे. मातीच्या वासाचं त्यांचं पाऊसगाणं दर जूनमध्ये कुठे ना कुठे लागतंच. पण त्यांचा सर्वांत जास्त ऐकला गेलेला आवाज वेगळाच आहे. १९८६ च्या ‘अंकुश’मधली प्रार्थना. देशभर कितीतरी शाळांच्या पटांगणांवर ती सकाळी म्हटली जाते. हात जोडलेली, डोळे अर्धवट मिटलेली मुलं, शेवटच्या रांगेतली कुजबुज, ध्वनिक्षेपकाची घरघर, आणि ते शब्द. पहिलीतल्या मुलालाही चाल येते. शिक्षकांनाही येते. गायिका कोण, हे विचारलं तर पटांगण गप्प होतं. बरेच जण लताबाईंचंच नाव सांगतात.

‘महल’च्या वेळी श्रोत्यांनी विचारलं होतं, म्हणून नाव मिळालं. तेवढंच पुन्हा करायचं आहे. शाळेत शिकवणाऱ्या बाई आणि सर हा लेख वाचत असतील तर त्यांना ही विनंती: उद्या सकाळी प्रार्थना संपली की मुलांना खाली बसवण्याआधी अर्धा मिनिट थांबा आणि आकाशवाणीच्या निवेदकासारखं दमानं सांगा. गीत: अभिलाष. संगीत: कुलदीप सिंग. स्वर: पुष्पा पागधरे आणि सुषमा श्रेष्ठ.