अनुक्रमे

संगणकाच्या भाषांत 'जे' नावाची एक आडवळणाची भाषा आहे. केनेथ आयव्हरसन आणि रॉजर हुई यांनी ती १९९० मध्ये घडवली. तिची थोरली बहीण 'एपीएल' आयव्हरसन यांच्या १९६२ च्या ग्रंथातून जन्मली. आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना तिच्याकडे ओढले ते तिच्या परिभाषेने. तिथे आकड्यांच्या रांगेला नाम म्हणतात, बेरीज-गुणाकाराला क्रियापद आणि क्रियापदाचे वर्तन पालटणाऱ्या चिन्हाला क्रियाविशेषण. व्याकरण म्हणजे पाठांतराचा जाच, असे मानणारी मुले हे ऐकून थोडी सावरून बसतात.

त्यातली सर्वांत मनोवेधक संज्ञा आहे धातुसाधित नामाची. रांगेतील प्रत्येक आकडा दुप्पट करणे सोपे. एकच क्रिया सगळ्यांना लागते. पण पहिल्याची दुप्पट, दुसऱ्याचे निम्मे, तिसऱ्याचा वर्ग असे हवे असेल तर क्रियांचीही रांग लावावी लागते, आणि रांगेत बसण्याचा अधिकार तर फक्त नामांना! म्हणून 'जे'मध्ये एका चिमुकल्या चिन्हाने क्रियापदे एकमेकांना बांधतात. बांधली की त्यांचे नाम होते. मराठीला यात नवल वाटू नये. मोल्सवर्थच्या कोशात क्रियापद शोधायला जावे तर 'करणें', 'बोलणें' अशी रूपेच भेटतात, आणि 'त्याचे बोलणे', 'बोलण्याला' म्हणताना आपण ती बिनदिक्कत नामासारखी चालवतो. क्रियापद कोशाच्या रांगेत उभे करायचे तर आधी त्याची धावपळ थांबवावी लागते.

दोन रांगा समोरासमोर लावण्याची युक्ती पाणिनीला पुरती ठाऊक होती. ए, ओ, ऐ, औ हे चार स्वर आणि अय्, अव्, आय्, आव् हे चार आदेश. पुढे स्वर आला की पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा. नयन, पवन, नायक, पावक हे शब्द असे सिद्ध होतात. कोणाला काय, हे सूत्रागणिक सांगावे लागू नये म्हणून अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात यथासंख्याचा स्वतंत्र नियमच आहे. त्यात एक अट आहे : दोन्हीकडची संख्या सारखी हवी. 'जे' इथे सैल आहे. आकड्यांच्या दोन असमान रांगांची बेरीज सांगितली तर ती चूक दाखवून थांबते. पण क्रियांची मोळी आखूड पडली तर पुन्हा पहिल्यापासून फिरते. दुप्पट आणि निम्मे या दोनच क्रिया १, २, ३, ४ यांवर सोडल्या की २, १, ६, २ असे उत्तर निमूट येते. आमच्यापैकी एकाला ही सोय वाटते. दुसऱ्याचा कौल पाणिनीला, आणि त्याला कारण आहे.

मराठी कारभारात यथासंख्याचे काम 'अनुक्रमे' हा शब्द करतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातून शिष्यवृत्तीचा कागद आला. वर ओळीने नावे, खाली ओळीने रकमा, मध्ये 'अनुक्रमे'. कोणीतरी मधले एक नाव खोडले, त्याची रक्कम खोडायची राहिली. खोडलेल्या जागेपुढचे प्रत्येक नाव एक घर मागे सरकले आणि मागच्याच्या रकमेवर जाऊन बसले. शेवटी एक रक्कम बिननावाची उरली. तीही कोणीतरी जादा समजून छाटली. संख्या सारखी झाली आणि कागद मंजूर झाला. आमच्या एका विद्यार्थिनीच्या वाट्याला निम्म्याहून कमी पैसे आले. परीक्षेची फी तिने उसनवारीने भरली. (सारखी संख्या ही अट पुरेशी नाही, हे आमच्यातला पाणिनीय आता मान्य करतो, पण ती नसती तर एवढीही शंका कोणाला आली नसती, असे त्याचे म्हणणे. वाद मिटलेला नाही.)

महालातल्या आमच्या गल्लीत पिठाची चक्की आहे. सणाच्या आधी तिथे डब्यांची रांग दारापर्यंत येते : गहू बारीक, ज्वारी मध्यम, डाळ जाड. चक्कीवाले काका क्रम मुळीच लक्षात ठेवत नाहीत. ज्याची त्याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या डब्यात खोचलेली असते. डबे कोणी मागेपुढे केले तरी डाळीचे पीठ बारीक होऊन येत नाही.

त्या मुलीसाठी फेरअर्ज आम्ही लिहून दिला. त्यात 'अनुक्रमे' घातला नाही. प्रत्येक नावासमोर त्याची रक्कम लिहिली.