प्रभारी

आमच्या रत्नागिरीत फुटबॉलबद्दल बोलायला माणूस शोधावा लागतो. क्रिकेटवाले गल्लोगल्ली आहेत. मे महिन्यात आंब्याच्या भावाखालोखाल चर्चा कशाची होत असेल, तर ती टेनिस बॉलच्या नाईट टुर्नामेंटांची. मला फुटबॉलचं वेड लागलं ते सासुरवाडीमुळे. बायकोचं माहेर मडगावचं. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मेहुण्याने मला हाताला धरून फातोर्ड्याच्या स्टेडियमवर नेलं. खाली मैदानाच्या कडेला झिको उभा होता. ज्याचं नाव शाळेत असताना, १९८२ च्या वर्ल्ड कपच्या वेळी, पेपरात वाचलं होतं तो झिको! एफसी गोवाचा पहिला कोच. त्या दिवशी मॅच कशी झाली ते धड आठवत नाही. पण येताना मी मेहुण्याइतकाच ओरडून घसा बसवून आलो होतो, एवढं आठवतं.

तेव्हापासून मी एफसी गोवाचा. मुंबईतले नातेवाईक चिडवतात, महाराष्ट्रात राहून गोव्याची टीम कसली? पण रत्नागिरीहून मडगाव मुंबईपेक्षा जवळ, आणि गाडीतून उतरल्यावर जेवायला सासूबाईंच्या हातची माशाची आमटी. आणखी काय पाहिजे?

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं आज लिहायचं कारण एक जुनी गोष्ट आहे. ती फुटबॉलची आहे आणि माझीही आहे. माझ्या बाजूने ती फारशी चांगली नाही, म्हणून इतके दिवस लिहिली नाही.

२०१७ साली सर्जिओ लोबेरा गोव्याचा कोच झाला. तेव्हा मेहुण्याने नाक मुरडलं होतं, "झिकोच्या जागी हा कोण?" दोन महिन्यांत त्याच मेहुण्याने लोबेराचा फोटो फोनवर लावला. खेळ होताच तसा. बॉल आपल्याच पायात ठेवायचा, समोरच्याला धाववत ठेवायचं, आणि शेवटी कोरोने गोल मारायचा. फेरान कोरोमिनासने तीन हंगामांत ४८ गोल केले. २०१९ ची फायनल बेंगळुरूकडून जादा वेळेत हरलो, पण पुढच्या महिन्यात सुपर कप आणला.

आणि ३१ जानेवारी २०२० ला, टीम पॉइंट टेबलात सगळ्यात वर असताना, साखळीच्या फक्त तीन मॅच उरलेल्या असताना, क्लबने लोबेराला काढलं.

मेहुण्याचा रात्री दहाला फोन. मला वाटलं घरात कोणी गेलं. "भावोजी, लोबेराक काडलो!" तो चिडला की मराठी विसरतो आणि कोकणीवर येतो.

उरलेल्या तीन मॅचसाठी टीम दिली क्लिफर्ड मिरांडाकडे. गोव्याचाच माणूस, भारताकडून खेळलेला, याच क्लबच्या घरातला. तात्पुरता कोच. आमच्या शाळेच्या भाषेत सांगायचं तर प्रभारी. आणि त्या प्रभारी माणसाने काय करावं? हैदराबादला ४-१, मुंबई सिटीला ५-२, जमशेदपूरला त्यांच्या घरात ५-० हरवलं. तीन मॅच, चौदा गोल, लीग शील्ड खिशात. आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात थेट जागा मिळवणारा गोवा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढे सेमीफायनलला चेन्नईयिनकडून पहिल्या मॅचला ४-१ मार खाल्ला, दुसरी ४-२ जिंकूनही एका गोलाने बाहेर पडलो, पण त्याचा राग कोणी क्लिफर्डवर काढला नाही.

मला तर क्लिफर्ड अगदी जवळचा वाटायला लागला होता. कारण त्या वेळी मीही प्रभारीच होतो. आमचे मुख्याध्यापक २०१९ मध्ये निवृत्त झाले, आणि संस्थेने 'पुढील आदेशापर्यंत' म्हणून कार्यभार माझ्याकडे दिला. पहिले काही दिवस मी मुख्याध्यापकांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ठेवून त्यावर बसत असे. मग हळूच मूळ खुर्चीवर सरकलो. दहावीचा निकाल चांगला लागला, गळकं छप्पर पावसाच्या आत शाकारून घेतलं, पोषण आहाराचा हिशेब एका बैठकीत लावला. शिपाईसुद्धा म्हणायला लागला की सर, आता ऑर्डर येईलच.

एप्रिलच्या अखेरीस गोव्याची ऑर्डर आली. क्लिफर्ड नव्हे, हुआन फेरांडो. बार्सिलोनाचा, वय ३९, त्याआधी ग्रीसमध्ये. आणि जूनमध्ये आमच्या संस्थेची आली. मी नव्हे. संस्थेच्या घाटावरच्या एका शाळेतले एक सर, सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझ्यापेक्षा सात महिन्यांनी वर. म्हणजे नियमाने सगळं बरोबर होतं. तक्रार करायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त झोंबलं.

लॉकडाऊनचे दिवस. निसर्ग वादळ नुकतंच येऊन गेलेलं. सर एकटेच आले, कुटुंब तिकडेच ठेवून. मारुती मंदिराजवळ खोली घेतली. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलेला, आणि मासे खात नव्हते! स्टाफरूममध्ये आम्हाला हसायला तेवढं पुरे होतं. मी त्यांना सगळ्या कपाटांच्या किल्ल्या दिल्या, रजिस्टरं दिली, सही घेतली. बोट दाखवायला जागा ठेवली नाही. फक्त विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, असं मनाशी ठरवलं.

आणि न सांगितलेली एक गोष्ट अशी. आमच्या शाळेत मिरकरवाड्याची पुष्कळ मुलं. जून-जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बाप घरी, बापाचा फोन घरी, ऑनलाइन वर्गाला हजेरी उत्तम. १ ऑगस्टला बंदी उठली की बोटी समुद्रात जाणार, आणि घरातला एकुलता एक बरा फोनही बोटीवर जाणार. हे कोकणात जन्मलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. सरांना सांगावं लागलं असतं.

ऑगस्टमध्ये हजेरी धाडकन खाली आली. सरांना वाटलं मुलं चुकारपणा करताहेत. त्यांनी गैरहजर मुलांची नावं वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली, खाली एक कडक सूचना. रोज. मी ती रोज वाचत होतो. आठवीतल्या एका मुलीचं नाव ओळीने एकोणीस दिवस आलं. हुशार मुलगी. तिचा बाप बोटीवर, आणि ग्रुपवरचे मेसेज तिच्या आधी शेजारपाजारचे वाचत होते. मी हजेरी मोजत होतो, आणि आतून मला बरं वाटत होतं. पाहा म्हणावं, घाटावरून माणूस आणलात.

हे लिहिताना आत्ताही हात जड होतो. असो.

ऑक्टोबरमध्ये तिकडे आणखी एक बॉम्ब पडला. लोबेरा मुंबई सिटीचा कोच झाला. एकटा नाही गेला. पाठोपाठ बूमूस, जाहू, मुर्तादा फॉल मुंबईत. आणि मंदार राव देसाई! पहिल्या वर्षापासून गोव्याकडून खेळलेला, आमचा कॅप्टन राहिलेला, तोसुद्धा. मुंबईचा भाचा मला रोज एक फोटो पाठवायचा, निळ्या शर्टातला मंदार. मेहुणा तर म्हणाला, आता टीव्हीच विकतो.

टीव्ही अर्थातच विकला नाही. त्या वर्षी सगळ्या मॅच गोव्यातच, पण रिकाम्या स्टेडियममध्ये. फातोर्डा घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मेहुणा मॅच टीव्हीवर बघतोय! २५ नोव्हेंबरला गोवा विरुद्ध मुंबई. आम्ही फोन चालू ठेवून बघत होतो, तो मडगावात, मी इथे. चाळीसाव्या मिनिटाला आमच्या रिडीम तलांगला लाल कार्ड. तरी दहा जणांनी झुंज दिली, आणि अगदी शेवटी, पंचाण्णवाव्या मिनिटाला, पेनल्टी. ०-१.

मग आम्ही दोघांनी मिळून फेरांडोला सोलला. ह्याला काय कळतंय, ह्याला गोवा माहीत आहे का, पोरं माहीत आहेत का, कोण कुठे खेळतो ते तरी माहीत आहे का? क्लिफर्डला ठेवला असता तर... बायको आत पोळ्या लाटत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "अहो, हा तुमचा क्लिफर्ड गेला कुठे?"

"जातोय कुठे? तिथेच आहे. त्याच माणसाचा असिस्टंट."

"मग तो सांगत असेल की त्याला, कोण कुठे खेळतो ते."

तिने ते सहज म्हटलं. तिला शाळेतलं काहीच माहीत नव्हतं, मी घरी बोललोच नव्हतो. मी पान वाढून घेतलं आणि जेवलो. रात्री झोप आली नाही.

माझं वागणं काही दुसऱ्याच दिवशी सुधारलं नाही. चार दिवस गेले. मग एका सकाळी सर ऑफिसात एकटे असताना मी जाऊन बोटींचं सांगितलं. ऑगस्टपासूनचं सगळं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं आता बोलतील. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. म्हणाले, "मी विचारायला पाहिजे होतं. पण कोणाला विचारायचं तेच कळत नव्हतं इथे." आणि थोड्या वेळाने, "त्या मुलीचं घर माहीत आहे तुम्हाला?"

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं मिरकरवाड्यात गेलो, मास्क लावून, जेट्टीच्या वासाने सरांचे डोळे पाणावलेले. मुलगी दारात आली नाही. तिची आई बोलली, आणि चांगलंच बोलली. सरांनी ऐकून घेतलं. मी मागे उभा होतो. ते बोलणं खरं माझ्या वाट्याचं होतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं आणि त्या बाईंना नव्हतं. सरांनी मान वळवून माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून स्वाध्यायाचे कागद छापून तिथल्या एका किराणा दुकानात ठेवायला लागलो. मुलं नेत, सोडवून परत ठेवत. त्या मुलीचा पहिला कागद जानेवारीत आला.

फुटबॉलचं सांगायचं तर, फेरांडोचा गोवा पुढे चांगला सावरला. फेब्रुवारीत मुंबईशी ३-३, बरोबरीचा गोल ईशान पंडिताने शहाण्णवाव्या मिनिटाला केला. मार्चमध्ये सेमीफायनल पुन्हा मुंबईशीच. २-२, मग ०-०, मग पेनल्टी शूटआउट ५-६. मुंबईकडून निर्णायक पेनल्टी मारली रोलिन बोर्जिसने, म्हणजे पुन्हा गोव्याच्याच पोराने. पुढे फायनलही लोबेराची मुंबई जिंकली. पण एप्रिलमध्ये फातोर्ड्यावर आशियाची चॅम्पियन्स लीग झाली, तिथे १९९८ च्या वर्ल्ड कप विजेत्या लोराँ ब्लांच्या अल रय्यानला गोव्याने ०-० रोखलं, तेव्हा मेहुणा रडला. ऑक्टोबरात ड्युरँड कपही आणला. आणि डिसेंबर २०२१ मध्ये फेरांडो हंगामाच्या मध्यातच एटीके मोहन बागानला निघून गेला, तेव्हा "ह्याला काय कळतंय"वाला माझा मेहुणा तावातावाने विचारत होता, "असो कसो गेलो?" माणूस आला म्हणून रडायचं आणि गेला म्हणूनही.

क्लिफर्डचं मात्र वाईट वाटतं. २०२३ मध्ये ओडिशाने त्याला असंच प्रभारी केलं, त्याने सुपर कप जिंकून दिला. पुढच्या हंगामासाठी ओडिशाने कोच आणला तो कोण, तर लोबेरा! आमच्या गावात थिबा राजाचा वाडा आहे. राज्य गेलेला माणूस कसा दिसतो हे रत्नागिरीने तीस वर्षं पाहिलं. पण राज्य न मिळता मुकाट काम करत राहिलेल्यांचा वाडा कुठे नसतो.

सर अडीच वर्षं होते. मासे शेवटपर्यंत खाल्ले नाहीत. बदलीची ऑर्डर आल्यावर मीच म्हटलं, एकदा फातोर्डा बघून जा. २०२२-२३ चा हंगाम, लोक पुन्हा स्टेडियमवर यायला लागले होते. गाडीने मडगावला गेलो, मेहुण्याने तिकिटं काढून ठेवली होती. सर कुस्ती-कबड्डीवाले. सभोवती केशरी शर्ट, ढोल, आरडाओरडा. ते हात मांडीवर ठेवून शांत बसलेले. हाफ टाइमच्या आधी त्यांनी कडेला उभ्या माणसाकडे बोट दाखवलं.

"हे कोच का?"

"कार्लोस पेन्या," मेहुणा म्हणाला. "ह्याच वर्षी आला. तीन वर्षांपूर्वी ह्याच टीमचा डिफेंडर होता. कोच म्हणून पहिलंच वर्ष. काय करतो बघू."

सर थोडा वेळ त्या बाजूला बघत राहिले. "शेजारी बसलेत त्यांत जुने कोण कोण आहेत?"

मेहुणा एकेकाचं नाव सांगायला लागला. मी चहा आणायला उठलो.