टाचणीच्या टोकाएवढे छिद्र

विम्याचा करारनामा हीही एक संहिता असते, परंतु आम्ही मराठीचे दोघे अध्यापक तिच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची लाकडी होडी समुद्रात पाणी भरून बुडाली. माणसे वाचली. विमा कंपनीने मात्र 'झीज व कीड' एवढ्या तीन शब्दांत दावा फेटाळला. तो कागद घेऊन नाखवा आमच्याकडे आले.

लाकूड पोखरणारा हा जीव वस्तुतः किडा नव्हे, शिंपल्यांच्या कुळातला आहे. अगदी सूक्ष्म असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून फळीत शिरतो आणि आतच वाढत बोगदे काढतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. पावसाळी बंदीत नाखव्यांनी होडीला तेल-डांबर लावले होते. तेव्हा काहीच दिसले नव्हते.

भारताचा १९६३ चा सागरी विमा कायदा १९०६ च्या ब्रिटिश कायद्यावर बेतलेला आहे. करारात वेगळे लिहिले नसेल, तर झीज, अंगभूत दोष आणि उंदीर वा तत्सम उपद्रवी जीवांनी केलेले नुकसान तो वगळतो. किड्यांनी गलबताचा तळ खाल्ला तर तो 'समुद्राचा धोका' नव्हे, असे इंग्लंडमध्ये १७९६ मध्येच 'रोल विरुद्ध पार' खटल्यात ठरले होते. गंमत अशी की, १८८७ मध्ये उंदरांनी नळी कुरतडून समुद्राचे पाणी तांदळात शिरले, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने तो समुद्राचाच धोका मानला! (वाद वाहतूक-कराराचा होता, हे खरे.) त्याच वर्षी 'इंचमरी' जहाजाच्या पंपाची हानी मात्र त्या शब्दांत बसली नाही, म्हणून पुढे करारांत 'सुप्त दोषा'चे कलम आले. सदोष भागाची किंमत सहसा मिळत नाही, त्या दोषामुळे झालेल्या हानीची मिळते.

नाखव्यांच्या करारात हे कलम होते. वाद उरला तो 'सुप्त' या एका विशेषणाचा: वाजवी काळजी घेऊनही न दिसणारा दोष. कंपनी म्हणते, फळी ठोकून पाहिली असती तर पोकळ आवाज आला असता. नाखवा म्हणाले, "सर, दर फळी ठोकायची तर धंदा कधी करायचा?" हे उत्तर आम्हांला कायद्याच्या भाषेत मांडता येईना. शेवटी संदिग्ध कलमाचा अर्थ ते रचणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, या जुन्या तत्त्वावर आम्ही भिस्त ठेवली आणि वकिलांच्या मदतीने ग्राहक आयोगाकडे तक्रार लिहिली.

तिचा निकाल लागायचा आहे. होडीच्या कर्जाचा हप्ता दरमहा चालू आहे, आणि मुलगा पहाटे दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊन मग वर्गात येतो.