वहिनीच्या गोठांचा दानलेख

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या आपल्या पहिल्या पिढीची कागदपत्रे फार थोड्या घरांत जपली गेली. आमच्या घरी तीन निघाली : इंग्रजी टंकलेखनाचे १९३४ सालचे प्रमाणपत्र, सरावाचा पिवळा पडलेला एक कागद आणि वेड्यावाकड्या रेषांनी भरलेली एक वही. ही वही मोडीतील हिशेबाची असावी, असे घरात मानले जाई. आम्ही ती न्यायालयातून निवृत्त झालेल्या एका लघुलेखक स्नेह्यांना दाखविली. त्यांनी चष्मा पुसला आणि सावकाश वाचून दाखविले. रुईच्या गासड्या वेळेवर न पोहोचल्याबद्दल एका पेढीने दुसऱ्या पेढीला लिहिलेले ते पत्र होते. वही पिटमन पद्धतीच्या लघुलेखनाची होती आणि पत्र सरावाचे.

ती वही आमच्या चुलत आजोबांची. घोड नदीकाठच्या खेड्यातून ते सोळाव्या वर्षी मुंबईच्या गिरणीत गेले. विणकाम खात्यात पगार अधिक मिळे. परंतु धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. साच्याजवळ उभे राहण्याची ज्याला मनाई होती, त्या तरुणाने दुसरे यंत्र निवडले. दिवसभर गिरणीत राबून संध्याकाळी तो टंकलेखनाच्या वर्गात बसू लागला.

या निवडीचा अर्थ समजण्यासाठी महारकीचे वतन आठवावे लागते. सरकारी टपाल एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचविणे, हे वतनदार महाराचे काम. रात्र असो, पाऊस असो, हाक आली की निघायचे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माणसांनी कागद वाहिले. त्यांत काय लिहिले आहे, हे त्यांना वाचता येत नव्हते. या वतनाच्या जोखडातून समाजाला सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ही वतने कायद्याने नष्ट होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. वाणिज्य शिक्षणाशीही बाबासाहेबांचा जवळचा संबंध होता. १९२५ ते १९२८ या काळात ते मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत असत.

वर्गाची फी गिरणीच्या पगारातून भागणारी नव्हती. ती कोणी भरली, हे कोणत्याही कागदावर नाही. ऐंशी ओलांडलेल्या आमच्या आत्याबाईंनी ते सांगितले. आमच्या आजीने आपले चांदीचे गोठ सावकाराकडे ठेवले आणि पैसे दिराच्या हाती दिले. तेव्हा ती म्हणाली होती, "कागद लई वाहिलं आपल्या मानसांनी. आता लिव्हायला शिका, भावजी." आजीला स्वतःला सही येत नव्हती. गोठ पुन्हा घरी आले नाहीत.

प्रमाणपत्र मिळाले तरी वाट सोपी झाली नाही. एका पेढीने परीक्षा घेतली, वेग पाहून पसंती दिली आणि आडनाव व गाव विचारल्यावर जागा भरल्याचे सांगितले. पुढे दुसऱ्या एका कचेरीत ते लागले आणि तेथूनच निवृत्त झाले. सुट्टीत गावी येत तेव्हा आमच्या ओट्यावर माणसे जमत. पाणवठ्याचा, शाळेचा, इनाम जमिनीचा अर्ज लिहून घेत. आजोबा तो मुंबईला नेऊन टंकलिखित करीत. प्रत्येक वेळी कार्बन कागद घालून ते दोन प्रती काढीत. एक सरकारला, एक अर्जदाराला. अर्ज हरवला असे कचेरीत सांगितले गेले, तर दाखविण्यासाठी आपल्याजवळ पुरावा हवा, हे गावाने त्या निळसर प्रतींवरून ओळखले.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे मूळ इंग्रजी हस्तलिखित नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद यांनी टंकलिखित केले. वाचकांच्या हाती ग्रंथ येतो. त्यामागे अशी बोटे झिजलेली असतात. त्या बोटांमागेही कोणाचे तरी गोठ असतात.

आपल्या जुन्नरच्या लेण्यांत दानलेख कोरलेले आहेत. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि पाण्याचे टाके दिले, हे मानमोडीच्या लेण्यात वाचता येते. बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणीही या परिसरातील लेखांत भेटते. कोणी काय दिले, हे त्या काळच्या लोकांनी दगडावर लिहून ठेवले. आमच्या आजीचे दान कोठेही कोरलेले नव्हते; ते या पानावर नोंदवीत आहोत.

या विद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. आपली प्रमाणपत्रे आपण काचेच्या चौकटीत लावली असतील. त्यांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, आपल्या शिक्षणासाठी घरातून काय गेले आणि ते कोणी दिले, हे आपल्या हस्ताक्षरात लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आज हयात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.