निखाऱ्यांबरोबर आलेला शब्द

रशियातल्या जुन्या खेड्यांत कुटुंब नव्या घरात जायला निघाले, की घरातली वडीलधारी बाई चुलीतले निखारे मडक्यात घेई आणि नव्या चुलीत नेऊन टाकी. त्या निखाऱ्यांबरोबर घराचा राखणदार ‘दोमोवोय’ही येतो, अशी समजूत होती. आपल्याकडच्या वास्तुपुरुषासारखाच हा. फक्त राहायचा चुलीमागे, एखाद्या तिरसट पण मायाळू आजोबांसारखा.

त्याच्या नावातले ‘दोम’ म्हणजे घर. रशियन आणि पोलिश भाषांत घराला ‘दोम’ म्हणतात, युक्रेनियनमध्ये ‘दीम’, चेकमध्ये ‘दूम’. ही सारी एकाच आईची लेकरे. दीडेक हजार वर्षांपूर्वी स्लाव्ह लोक जी भाषा बोलत, ती कुणी लिहून ठेवली नाही; त्यांना लिपी मिळाली ती नवव्या शतकात. म्हणून अभ्यासकांनी लेकरांना शेजारी शेजारी उभे केले आणि त्यांच्या तोंडवळ्यावरून आईचा चेहरा रेखाटला : ‘दोमु’. त्यातला शेवटचा ‘उ’ अगदी निसटता होता. तो गळून पडला आणि काही भाषांत आधीचा ‘ओ’ही पालटला. तरी चेक किंवा युक्रेनियन माणूस ‘घराचा’ म्हणू लागला, की तो जुना ‘ओ’ हटकून परत येतो.

या आईलाही आई होती. लॅटिन ‘दोमुस’, ग्रीक ‘दोमोस’ आणि ऋग्वेदातला घर या अर्थाचा ‘दम’ ही सारी तिचीच नातवंडे-पतवंडे. ‘दंपती’ म्हणजे मुळात घरधनी. द्विवचनात तो शब्द नवरा-बायको दोघांचा झाला आणि लग्नपत्रिकेत ‘दांपत्य’ होऊन बसला. ग्रीकांचा ‘देस्पोतेस’ही असाच घरधनी. तो मात्र मालक झाला, सम्राट झाला आणि इंग्रजीत पोचेपर्यंत ‘डेस्पॉट’ म्हणजे जुलमी सत्ताधीश ठरला. एकाच उंबरठ्यावरून दोन वाटा फुटल्या : एक संसाराची, दुसरी हुकमतीची.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर तीन बाजूंनी हल्ला चढवला. लाखो बायका-मुले आपले ‘दीम’ सोडून पोलंडच्या सीमेवर आली. कितीतरी पोलिश कुटुंबांनी त्यांना आपल्या ‘दोम’मध्ये जागा दिली. तोफा डागणाऱ्यांच्या भाषेतही घराला ‘दोम’च म्हणतात. शब्द एक असला म्हणून घर वाचत नाही, हे तेव्हा दिसले. आणि कुणी दार उघडले, तर परक्याचे घरही आपले होते, हेही दिसले.

मडक्यात निखारे भरून घ्यायला त्या बायकांना सवड कुठली मिळायला? बरोबर आला तो एवढा एक शब्द. पलीकडच्या यजमाणीला तो ओळखीचा वाटला असेल.