२१-१९

जून २०१९. क्रिकेटच्या विश्वचषकाने सारा देश वेडावलेला. त्याच महिन्यात तिकडे मनिलाला आपल्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ असे हरवले. पंधरा जणींच्या रग्बीतला भारतीय महिलांचा हा पहिलावहिला आंतरराष्ट्रीय विजय! अखेरीस सुमित्रा नायकची पेनल्टी-किक, तीन गुण. आणि कर्णधार कोण? तर आपल्या पुण्याचीच वाहबिझ भरुचा. आमच्या बुधवार पेठेत किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

खेळही मोठा अजब. चेंडू घेऊन धावायचे पुढे, हाताने द्यायचा मात्र मागे. मला तो फार आवडला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कबड्डीच्या संघाबरोबर परगावी जायची परवानगी अजून नाही. आईला वाहबिझची हकिकत सांगितली. तांदळाचे सूप बाजूला सारून ती म्हणाली, "घरच्यांनी पाठवलं होय गं तिला?"